खुंटीवरचा फर्मा

११ जून
मापांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती आजपासून माझ्या लिहिण्यासाठी. पुढच्या बाजूने लोकांच्या छात्या आणि कंबरा, मागच्या बाजूने माझं डोकं.

लिहायला कारण नात. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून लहानपणापासून तिला भिंगरीच म्हणतो. तिचे आईवडील नोकरीपायी दूर असतात, ती आमच्याकडे राहते. आज पाच दिवस झाले, ती मागच्या खोलीत अंगावर चादर घेऊन पडून आहे. बाकी सगळे विषय सुटले, जीवशास्त्र राहिलं. आणि तिला तर परिचारिकेच्या शिक्षणाला जायचंय. ऑगस्टात फेरपरीक्षा आहे. त्यात पास झाली तर सप्टेंबरच्या वीस तारखेपर्यंत प्रवेश मिळतो, नाही तर वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की ही पोर शिवणाला बसेल आणि म्हणेल, मला हेच आवडतं. मी ओळखतो तिला.

"परत बसणार नाही," चादरीतून आवाज आला. "सगळ्यांना कळलंय मी ढ आहे."

"ढ म्हणजे काय ते मला विचार," मी म्हटलं. "मी सातवीत शाळा सोडली तेव्हा मास्तरांनी माझ्या बापाचे हात हातात घेऊन आभार मानले होते."

हसली नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तू बसलीस तर मीही बसतो. शेजारीशेजारी नापास होऊ."

चादरीतून एक डोळा बाहेर आला. "खरंच?"

बायको दाराशी बसून काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "यांना सुईत दोरा ओवता येत नाही, आणि निघाले शास्त्र ओवायला."

तेही खरंच आहे. दोन वर्षं झाली, सकाळी दुकान उघडलं की ती दहा सुया ओवून माझ्या मशीनवरच्या उशीत टोचून ठेवते. दुपारी पुन्हा दहा. मला सवय झाली आहे.

१४ जून
अर्ज भरला. बाहेरून बसता येतं, एकाच विषयाला बसता येतं, वयाची अट नाही. खिडकीतला कारकून म्हणाला, "पालकांनी सही इथे करा."

"मी पालक नाही, उमेदवार आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी मी तोच होतो. भिंगरीने तोंडावर हात धरला. आठ दिवसांनंतर पहिलं हसू. त्याच्यासाठी मी पाच विषयांना बसलो असतो.

वाटेत एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, अंगात माझ्याच हातचा सदरा. आमच्या सदऱ्याचा खिसा इतरांपेक्षा इंचभर खाली असतो. हात सहज जातो, पेन टोचत नाही. लोक लांबून येतात त्या खिशासाठी. मी भिंगरीला म्हटलं, "बघ, ही तुझ्या आजोबांची युक्ती. माणसाने एकदा डोकं चालवलं की चाळीस वर्षं पुरतं." ती म्हणाली, "हे तुम्ही मला दर महिन्याला सांगता."

२० जून
जिथे भिंगरी अडकली होती तिथूनच सुरुवात केली. उत्क्रांती. पेपरात तो प्रश्न दिसला आणि तिचं डोकं कोऱ्या कापडासारखं झालं होतं. कोण आधी, कोण नंतर, कोण काय म्हणाला, सगळा गुंता.

पण काय धडा आहे! हजारो वर्षांपूर्वीचा एक विचारवंत म्हणायचा की आधी सुटे अवयव हिंडत होते. नुसते हात, नुसती डोकी, मान नसलेली तोंडं. मग ते वाटेल तसे एकमेकांना चिकटले. जे बरोबर जुळले ते जगले, बाकीचे संपले.

मी म्हटलं, "हे काय भलतंच!"

बायको म्हणाली, "भलतं काय त्यात? आपलं दुकान बघा. तिकडे बाह्या पडल्यात, इकडे कॉलरी. परवा तुम्ही दोन्ही डाव्या बाह्या एकाच कोटाला टाचल्या होत्या. तो जगला का?"

भिंगरी हसून लोळली. मीही हसलो, पण तो कोट हिने अजून लक्षात ठेवायला नको होता.

२९ जून
लामार्क नावाचा माणूस मला फार आवडला. तो म्हणतो, जो अवयव वापराल तो वाढतो, न वापराल तो झडतो, आणि असा मिळवलेला फरक पुढच्या पिढीला मिळतो. जिराफाने मान ताणताणून लांब केली, पिल्लांना लांब मान मिळाली. किती न्यायाची गोष्ट आहे! बापाचे कष्ट पोराच्या अंगात उतरतात. म्हातारपणी हा माणूस आंधळा झाला, गरिबीत गेला, लोक त्याला हसले. त्याच्या मुलींनी त्याचं केलं. वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. तसं हल्ली ते येतंच असतं, पण हे वेगळं.

मी भिंगरीला समजावलं, "माझा हा डावा खांदा बघ. मशीनवर वाकून खाली आलाय. तुझ्या बापाचाही तसाच आहे. झालं ना सिद्ध?"

"आजोबा, पुस्तकात पुढे लिहिलंय की ते चूक ठरलं."

"पुस्तकवाल्यांनी माझा खांदा पाहिलेला नाही."

यावर बायको काज करता करताच बोलली, "पोरगा पण दहा वर्षं मशीनवर वाकला होता, म्हणून खांदा खाली आलाय. जन्मला तेव्हा सरळ होता, मी पाहिलाय. आणि इतकी वर्षं तुम्ही कोट सैल करून देता, घट्ट करून देता, उसवता, शिवता. त्याने खुंटीवरचा फर्मा बदलला का कधी?"

हिला कशातही दुकानच दिसतं. मी उत्तर दिलं नाही. लामार्कबद्दल कुणी असं बोललेलं मला सहन होत नाही.

८ जुलै
मनातलं इथे लिहून ठेवतो. मी भिंगरीच्या पायातली बेडी झालो आहे. एक पान मला समजावायला तिला तास लागतो. डार्विनची निवड तिने मला चार वेळा सांगितली. पहिल्यांदा पुस्तकात बघून, दुसऱ्यांदा चुकत, तिसऱ्यांदा चित्र काढून, चौथ्यांदा डोळे मिटून. मी तरी विचारलंच, "पण निवडतो कोण?" पोरीचा सगळा वेळ माझ्यात जातोय. तिने स्वतःचा अभ्यास कधी करायचा?

म्हणून आज म्हटलं, "मी नाव मागे घेतो. तू सुखाने अभ्यास कर."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती इतकी चिडली! पाय आपटत म्हणाली, "तुम्ही सोडलंत तर मी शिकवू कुणाला? आता कुठे मला कळायला लागलंय!" दार आपटून गेली. पाच मिनिटांनी परत आली, चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "निवडत कुणीच नाही. जे टिकतं ते टिकतं. पाचव्यांदा सांगतेय. लिहून घ्या."

लिहून घेतलं. ती एवढी का चिडली ते मात्र कळलं नाही.

११ जुलै
पुस्तक सापडत नव्हतं. शेवटी बायकोच्या काजांच्या टोपलीत निघालं, कापडाखाली. आणि उत्क्रांतीच्या पानात खुणेला एक बटण! पोरांना वस्तू जागेवर ठेवायची शिस्त नाही. भिंगरीला बोललो. ती म्हणाली, "मी नाही ठेवलं." मग काय पुस्तक चालत गेलं? बायको म्हणाली, "पोरीला बोलू नका, अभ्यासाचे दिवस आहेत," आणि बटण उचलून डबीत टाकलं.

१७ जुलै
आज एक मोठी गोष्ट झाली.

वाइजमान नावाच्या शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या कापल्या. त्यांना पिल्लं झाली, त्यांच्याही कापल्या, पुन्हा त्यांच्या पिल्लांच्या. पिढ्यान्‌पिढ्या कापत राहिला. तरी प्रत्येक पिल्लू आपलं शेपूट घेऊनच जन्माला आलं. भिंगरी सांगत होती, मी कटिंगच्या टेबलावर खडूने रेघ मारत होतो. मला उंदरांची दया येत होती, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे शरीरावर काही केलं तरी आतलं मूळ तसंच राहतं. ज्याच्यावरून पुढचं बनतं ते..." आणि थांबली. मी समोर भिंतीकडे पाहिलं. खुंटीवर कापड बेतायचे जाड कागदाचे फर्मे लटकत होते, सदऱ्याचे, कोटाचे, तीसचाळीस वर्षांचे.

"फर्मा!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

शिवलेला कोट गिऱ्हाइकासाठी शंभरदा उसवा, तरी खुंटीवरचा फर्मा बदलत नाही. पुढचा कोट फर्म्यावरून निघतो, कोटावरून नाही. भिंगरीने ते वाक्य वहीत उतरवलं, मी माझ्या वहीत उतरवलं. आधी कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे. बहुधा तिच्याच. मी तिला शाबासकी दिली, तिने मला दिली.

बायको दोरा दाताने तोडत होती. दात दोऱ्यावर तसेच ठेवून तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. आमच्या ओरडण्याने हातातलं काम बिघडलं असणार.

लामार्कबद्दल मात्र वाईट वाटतंय. मी आज त्याची साथ सोडली.

५ ऑगस्ट
पेपर झाला. गुडघ्यांमुळे मला तळमजल्यावर बसवलं, भिंगरीला दुसऱ्या मजल्यावर. माझ्या बाकावर मी मावत नव्हतो. पर्यवेक्षक मला दोनदा पाणी विचारून गेला, बाकी कुणाला नाही.

आकृती बिघडली. बेडकाचं हृदय मी बटणासारखं काढलं. पण एक प्रश्न पाहून अंगावर काटा आला: "जिवंतपणी मिळवलेली वैशिष्ट्ये पुढच्या पिढीत उतरतात का? स्वतःच्या शब्दांत, उदाहरणासह लिहा. गुण तीन." लिहिला फर्मा. बाहेर आलो तर भिंगरी जिन्यावरून दोनदोन पायऱ्या उतरत येत होती. "फर्मा लिहिलात?" "लिहिला! तू?" "मीही!" रस्त्यात लोक बघत होते.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय विचारलं होतं?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि चहा ठेवला.

२ सप्टेंबर
निकाल लागला, आमचा नाही. दोघांच्याही नावापुढे 'राखून ठेवला'. सोबत पत्र आलंय: दोन उत्तरपत्रिकांत पुस्तकात नसलेलं एकच उदाहरण, जवळजवळ त्याच शब्दांत आढळलं. दोन्ही उमेदवारांचा पत्ता एकच. नक्कल केल्याचा संशय. नऊ तारखेला चौकशीसाठी हजर राहावे.

भिंगरी मागच्या खोलीत गेली. चादर.

मी आयुष्यात कुणाच्या कापडातली चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही. आणि पोरीवर हा डाग आला तो माझ्यामुळे, मी हट्टाने शेजारी बसायला गेलो म्हणून. प्रवेशाची मुदत वीसची.

९ सप्टेंबर
चौकशी अधिकारी एक बाई होत्या. आवाज शांत, जाकिटाची डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब. आधी भिंगरीला आत बोलावलं, मग मला.

"हे उदाहरण कुणाचं?"

"नातीचं," मी सांगितलं. "हुशार आहे पोरगी. मी फक्त उतरवलं. कमी करायचे असतील तर माझे गुण कमी करा."

बाईंनी कपाळावर हात ठेवला. "ती म्हणते आजोबांचं. तिचे कमी करा म्हणते."

"ती लहान आहे. तिला समजत नाही."

"आजोबा, दोघंही म्हणता दुसऱ्याचं. मग हे मूळ आलं कुठून? बाहेरून कुणी उत्तरं पुरवली असतील तर मला ते शोधावं लागेल. अकराला शेवटची बैठक. तोवर काही पुरावा असेल तर आणा."

पुरावा! मला एकदम ही वही आठवली. मी तारीखवार लिहितो की. घरी आलो, भिंगरीला शेजारी बसवलं आणि १७ जुलै काढून मोठ्याने वाचलं. 'आधी कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे.' भिंगरी म्हणाली, "हा पुरावा? हे तर आणखी वाईट आहे." ती चिडून मागची पानं उलटायला लागली. आणि थांबली.

"आजोबा, एकोणतीस जून."

माझ्याच अक्षरात. 'त्याने खुंटीवरचा फर्मा बदलला का कधी?' आणि खाली माझंच वाक्य: 'हिला कशातही दुकानच दिसतं. मी उत्तर दिलं नाही.'

भिंगरी म्हणाली, "तेव्हा मीही इथेच होते. मीही ऐकलं होतं."

आम्ही दोघांनी दाराकडे पाहिलं. बायको काज करत होती.

"अगं, हे तू म्हणाली होतीस."

"हो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं एकमेकांना शाबासकी देत होतात," ती म्हणाली. "मध्ये कुठे तोंड घालू? पोर किती दिवसांनी नाचत होती."

मी ११ जुलैचं पान काढलं. बटण. वाचून दाखवायचं धाडस झालं नाही.

११ सप्टेंबर
आज तिघं गेलो. बायको चांगली साडी नेसली आणि तिने सदऱ्याचा फर्मा गुंडाळून काखेत घेतला. मी म्हटलं तो कशाला, तर म्हणाली, "लागेल."

बाईंनी वहीची ती पानं वाचली. वाचताना दोनदा ओठ चावले. कोटाचं पान असावं. मग बायकोला विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"चौथी. आणि काज."

"तुम्ही हा धडा वाचलाय?"

"ही दोघं दुपारची झोपतात तेव्हा वाचायचे."

"मग मला एक सांगा. फर्मा कधीच बदलत नसेल तर नवीन काही येतं कुठून? सगळे कोट जन्मभर सारखेच व्हायला हवेत."

हे आमच्या तयारीत नव्हतं. भिंगरीने माझा हात घट्ट धरला.

बायकोने टेबलावर फर्मा उलगडला. "फर्मा जुना झाला, फाटायला लागला की त्याच्यावरून दुसरा उतरवायचा. उतरवताना कधी हात हलतो. हे बघा. या खिशाची खूण उतरवताना माझा हात हलला, खूण इंचभर खाली गेली. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण गिऱ्हाइकाला खाली खिसा बरा वाटला. तोच मागायला लागले. मग पुढचे सगळे फर्मे यावरून उतरले, जुना खिसा संपला. कुणी ठरवलं नव्हतं. चूक झाली, उपयोगी पडली, म्हणून टिकली. तो निवडीवाला शास्त्रज्ञ म्हणतो ते हेच ना?"

मी फर्म्यावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हटलं, "तो खिसा... तो माझा आहे."

"तुम्हाला तसं वाटत होतं," बायको म्हणाली. "चाळीस वर्षं वाटत होतं. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही."

भिंगरी जी हसायला लागली ती थांबेना. बाईंनीही वहीने तोंड झाकलं. मग त्यांनी कागदावर लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं: उदाहरण दोन्ही उमेदवारांनी घरच्याच व्यक्तीकडून, परीक्षेच्या आधी ऐकलेलं. परीक्षेत नक्कल नाही. निकाल जाहीर करावा.

निघताना बायको त्यांना म्हणाली, "बाई, जाकीट दुकानात टाकून जा. डावी बाही लांब आहे. तुमचा हात नाही चुकलेला, त्यांचा फर्मा चुकलाय."

१६ सप्टेंबर
भिंगरी एकाहत्तर. उद्या प्रवेशाला जाते आहे. सकाळपासून घरभर फिरते आहे, पाय जमिनीवर ठरत नाही, मला दोनदा धडकली. तिने आजीला उचलून एक गिरकी घेतली. बायको ओरडली, "अगं, सुई आहे हातात!"

मी सदतीस. पासाला पस्तीस लागतात. दोन गुण वर! गुणपत्रिका दुकानात खुंटीवर लावली, फर्म्यांच्या शेजारी. गिऱ्हाइकाला बरोबर दिसेल अशी.

बायकोने ती काढून हातात घेतली, वाचली, परत लावली. मग म्हणाली, "तो फर्म्याचा प्रश्न किती गुणांना होता?"

"तीनला."

"पूर्ण मिळाले?"

"पूर्ण. चौकशीत पेपरावर पाहिले होते."

"सदतीसातून तीन गेले की चौतीस." तिने काज पुढे ओढलं. "मग पास कोण झालं?"

मी बोटांवर मोजून पाहिलं, चौतीसच भरले. तिच्या सुईतला दोरा संपला होता. ती रीळ शोधत होती, तेवढ्यात मी तिच्या हातातून सुई घेतली. खिडकीशी गेलो, दोरा ओला केला, नेम धरला. चुकला. पुन्हा चुकला. ती घाई न करता हात पुढे करून नुसती बसून राहिली.

सातव्यांदा गेला.